टोचणीचं सेटिंग

श्रीरंग गुप्ते सकाळीच कानामागे बोट दाबत नीतिपालन विभागात आला.

"मॅडम, माझी चिप अजून जर्मनीवरच आहे हो! बॉयलरच्या तपासणीवर सही करायला गेलो की असं टोचतं, की पेन हातातून गळतं."

नऊ देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या सदसद्विवेकाची देखभाल वृंदा साबडेंकडे होती. प्रत्येकाच्या कानामागची चिप तिच्यात भरलेल्या देशाचा नियम मोडला जात असेल तरच टोचायची; बदली होऊन आलेल्याची चिप इथल्या नियमांवर आणणं हे त्यांचं रोजचंच काम. त्यांनी बटण दाबलं.

"आता?"

"काही म्हणजे काही नाही!" गुप्ते खुलला. "गंमत बघा, व्हॉल्व्ह कालसारखाच गळतोय, आपली माणसं त्याच्याच शेजारी डबे खातायत आणि मी मात्र एकदम प्रसन्न. येतो, सही उरकून टाकतो."

वृंदाबाई उठून दारात उभ्या राहिल्या.

"गुप्ते, सही करू नका."

"का बुवा? इथल्या कुठल्या नियमात अडतंय?"

"कुठल्याच नाही."

"मग?"

प्रमुखाने तटस्थ राहावं म्हणून कंपनीने बाईंना चिप बसवलीच नव्हती. त्यामुळे नेमकं कुठे टोचतंय ते त्यांना सांगता येईना. पण त्या दारातून हलल्या नाहीत.