चोवीस वळणं

मेंगियानं सातवं वळण मोजलं आणि गाडीची काच खाली केली.

"भोंगा वाजव."

दुरीनं तीनदा वाजवला. एकतीस वर्षं त्यानं टपालाची पिवळी बस घाटातून चालवली होती. पुढचं न दिसणारं वळण आलं की तीन वेळा भोंगा, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. त्या भोंग्यापायीच तर दोघांचं जमलं. तेव्हा तिच्या माहेरच्या प्लाउनेत गावाखाली सातव्या वळणावर तो भोंगा द्यायचा, समोरचा कडा तो आवाज परत पाठवायचा, आणि ती स्वयंपाकघरात कॉफी चढवायची.

"पुन्हा."

त्यानं पुन्हा वाजवला. तिनं कान बाहेर लावून ऐकलं.

"पुरे," ती म्हणाली आणि काच वर केली.

तिची दृष्टी जाऊन तीन वर्षं झाली होती. बर्फ पडून घाट बंद व्हायच्या आत एकदा माहेरी ने, एवढं एकच मागणं तिनं लावून धरलं होतं. पुढच्या वर्षी मी असेन-नसेन, म्हणायची. दुरी उन्हाळाभर टाळत राहिला. आधी गाडीचे ब्रेक, मग स्वतःचा गुडघा. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी मात्र तो आपणहून तयार झाला. आईवडील केव्हाच गेले होते, घर झुरिकच्या लोकांनी घेतलं होतं. कुणाच्या दारात जायचं नव्हतं. गावच्या हौदाचं पाणी प्यायचं आणि परतायचं, एवढंच ठरलं.

तिनं मांडीवर एक पिशवी घेतली होती. मागे ठेवू का, असं त्यानं दोनदा विचारलं, पण तिनं दिली नाही.

गाडीतला रेडिओ बंद होता. घरातलाही जूनपासून बिघडलेला. घरातला खिळान्खिळा स्वतः ठोकणाऱ्या दुरीला तेवढ्यासाठी काही सवड झाली नव्हती. मग तोच बोलत होता. एरवी दहा शब्दांच्या जागी एकावर भागवणारा माणूस, आज त्याच्या तोंडाला खीळ नव्हती. झाडं पिवळी झालीत, कड्यावर ताजं बर्फ आहे, गाई खाली उतरल्यात.

विसाव्या वळणावर तिनं विचारलं, "आमच्या धुराड्यातून धूर येतोय का रे?"

दुरीनं गिअर बदलला. "येतोय की. खिडकीत लाल फुलंसुद्धा आहेत."

"ऑक्टोबर संपत आला तरी?"

"उशिरा लावली असतील."

"झुरिकची माणसं," ती म्हणाली, आणि दोघंही हसली.

चोविसावं वळण गेलं तशी त्यानं गाडी थांबवली. हात धरून तिला लाकडी हौदापाशी नेलं. तिनं हौदाच्या कडेवरून बोटं फिरवली, ओंजळ भरली आणि हळूहळू प्यायली. दुरीला रडू आलं. आवाज न करता रडणं त्याला या उन्हाळ्यात जमू लागलं होतं. त्यानं आपल्या रुमालानं तिचे हात पुसले.

"झालं समाधान?"

"पाणी गोड आहे," ती म्हणाली.

गाडीत बसल्यावर मेंगियानं पिशवी उघडली. चाचपून दोन लाल दिवे काढले, सर्व संतांच्या दिवशी थडग्यांवर लावतात तसले. एक आईचा, एक वडिलांचा.

"वळणंसुद्धा मोजून आमच्या घाटाइतकी चोवीसच शोधलीस," ती म्हणाली. "तुला सांगवत नव्हतं, मला विचारवत नव्हतं. आता खऱ्या प्लाउनेतच्या रस्त्यानं ने, दुरी. गाव गाडून दरड जिथं येऊन थांबलीय, तिथवर."