सभामंडप कोणी मागितला?

मुरारीने टेबलावर हात आपटला तसा आमदारबाईंचा चहा बशीत सांडला.

"साकव ऱ्हावू दे. मला नाव पायजे," तो म्हणाला. "नाव कळल्याबिगर मी हितनं हलनार नाय."

पोलादपूरच्या संपर्क कार्यालयात सोमवारचा जनता दरबार भरला होता. पाणी, वीज, पेन्शन अशी आपापली गाऱ्हाणी घेऊन आलेली माणसं माना वळवून पाहू लागली. दाराशी मुरारीची बायको गोदूबाई तोंडाला पदर लावून उभी होती.

"मुरारीभाऊ, ओढ्यावरचा साकव मंजूर झालाय," आमदार उज्वलाताई म्हणाल्या. "मी स्वतः मंत्रालयात ठाण मांडून तो मंजूर करून घेतला. पावसाच्या आत काम उभं राहील."

"आता काय करू त्याचं? त्याच्यावर बसून रडू?"

ताईंनी मंजुरीचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

मुरारीची वाडी ओढ्यापलीकडे, डोंगराच्या कुशीत. उन्हाळ्यात दगडांवरून उड्या मारत पोरंसुद्धा ओढा ओलांडतात. पावसात तो कुणालाच जाऊ देत नाही. गेल्या लावणीत श्रुतिकाला, मुरारीच्या एकुलत्या एक लेकीला, घोणस चावली. डोली करून गडी धावत सुटले आणि ओढ्याशी येऊन थांबले. लाल पाणी धडधडत चाललं होतं. डोलीचा एक दांडा बापाच्याच खांद्यावर होता. पाणी उतरेपर्यंत डोलीतली पोर गार पडली होती.

त्याच्या आदल्या वर्षी वाडीला आमदार निधीतून एक काम मिळालं होतं. साकव नव्हे, देवळापुढचा सभामंडप. वर रंगीत पत्रे, खाली गुळगुळीत फरशी. उद्घाटनाला मुरारी फेटा बांधून सगळ्यांच्या पुढे होता. नारळ त्यानेच फोडला आणि रात्रभर पखवाजही त्यानेच वाजवला. लेक गेल्यापासून मात्र तो त्या मंडपाकडे पाहीना. देवळावरून जायची वेळ आली तर मान खाली घालून जाई.

अशात महिन्याभरापूर्वी कुणीतरी त्याच्या कानावर घातलं की, ताईंनी तेव्हा विचारलं होतं, साकव हवा की मंडप? आणि मंडप सांगणारं माणूस वाडीतलंच होतं.

झालं! मुरारीच्या डोक्यात ठिणगी पडली. त्याला दुसरं काही दिसेना. संशय सरळ दत्तारामवर गेला. दत्ताराम त्याचा भाऊबंद, घर ओढ्याच्या अलीकडे. त्याला साकवाचं काय सोयरसुतक!

मुरारीने गावकी बसवली. ज्या घरातून मंडपाची मागणी गेली ते घर वाळीत, असं ठरवून घेतलं. त्या घरचं कुणी पाणी प्यायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. सगळ्या पुरुषांनी हात वर केले. दत्तारामनेही केला. त्यावर मुरारी कुत्सित हसला होता. बाया मागे भिंतीशी बसून होत्या. गावकीत त्यांना कुणी विचारत नाही, तसं तेव्हाही विचारलं नाही.

"वाळीत टाकणं गुन्हा आहे," उज्वलाताई म्हणाल्या. "तुम्हीच तुरुंगात जाल."

"जाईन की! घरात तरी कोन हाय माझं वाट बघनारं?"

गोदूबाईने डोळे मिटले.

"हे बघा, निर्णय माझा होता. सही माझी होती. द्यायच्या त्या शिव्या मला द्या."

"देतोच हाय. मतं बी तुमालाच दिली, आता शिव्या बी घ्या! पन कुनाला पाठीशी घालताय ते बोला. दत्ताराम ना?"

ताईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्या दाराकडे वळल्या. "गोदूबाई, यांना घरी न्या. मी पाया पडते."

आमदार पाया पडते म्हणते! मुरारीला वाटलं, चोर सापडला. एवढी मोठी बाई एवढी वाकते ती उगाच नाही. दत्तारामचे दोन मुलगे मुंबईत, वाडीच्या मंडळात वजन असलेले. निवडणुकीला गाड्या भरून माणसं आणतात. त्यांना दुखवायची हिची छाती नाही. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

गोदूबाईने त्याचा हात धरला. "चला वो घरी. पोर गेली. आता नाव कळून काय हुनार?"

त्याने हात झटकला. "तू आई हायस का कोन गो? ज्यानं पोर मारली त्याला तसाच सोडू? बरं ऱ्हायलं! नका सांगू नाव. मी चाललो दत्तारामाकडं. आज तो तरी ऱ्हाईल नायतर मी!"

तो निघाला. बाकावरचं कुणी आडवं यायला धजेना. गोदूबाई मात्र दारात आडवी उभी राहिली.

"दत्तारामभावजींचा काय बी संबंध नाय," ती म्हणाली.

"मंग कुनाचा?"

"गोदूबाई, नको," उज्वलाताई खुर्चीतून उठल्या. "आपलं ठरलंय ना?"

"किती दिस लपवू, ताई? हे मानूस खून करंल." ती नवऱ्याकडे वळली. "वाळीत आपलंच घर पडलंय वो."

मुरारीचा चेहरा काळाठिक्कर पडला. "तू? तू मागितलास मंडप?"

"मी नाय. ताईंचं हळदीकुंकू झालं नव्हतं का? तवा ताईंनी आमा बायांना इचारलं, एकच काम हुईल, कुठलं करू? शिकलेली म्हनून आमी श्रुतिकाला उभी केली. ती म्हनाली, 'साकव पुढल्या साली द्या, ताई. माझ्या बाबांचा जीव त्या मंडपात अडकलाय.'"