पुढचं कडवं

आमच्या बाजूची तिकिटं संपली, म्हणून मी विरोधी नॉर्थगेटवाल्यांचा लाल मफलर गळ्यात अडकवून त्यांच्याच गर्दीत फुटबॉल बघायला घुसलो. ओळखलं असतं तर धडगत नव्हती. शेजारचा आल्फी, पुढचे दात नसलेला म्हातारा, आमच्या संघाला नुसता शिव्या घालत होता.

सामन्याआधी त्यांचं गाणं सुरू झालं. जुन्या संगीत नाटकातलं. आईच्या रेकॉर्डमुळे मला सगळं पाठ. मीही मफलर उंचावून बेंबीच्या देठापासून गायलो. धृपद संपलं, अख्खं स्टेडियम थांबलं आणि मी एकटाच पुढच्या कडव्यात शिरलो.

माना वळल्या. आल्फीनं माझं मनगट करकचून धरलं आणि कानात पुटपुटला,


"गप, गाढवा! हे लोक एवढंच गातात. माझे दात याच कडव्यात गेले."