पाच व्होल्टची डबी

व्होल्ट मोजणारे मीटर तपासायला बाबांनी घरच्या घरी एक डबी बनवायला घेतली होती. तिच्यातून नेमके पाच व्होल्ट मिळाले, की खोटं बोलणारा मीटर पकडता येणार होता.

हात थरथरायला लागले, तेव्हा त्यांनी लेकीला फोन केला. "शेवटचं सोल्डरिंग तेवढं करून दे. अर्धा तास बस माझ्याजवळ. फक्त डबीवर हात ठेवू नकोस हं, उबेने आकडा उतरतो."

"पुढच्या रविवारी नक्की, बाबा."

बुधवारी ते गेले.

रविवारी सकाळी तिने काम पुरं केलं. मीटर ५.००० दाखवू लागला. हात मांडीवर ठेवून ती बघत राहिली.

आकडा उतरला. सरळ नाही, थरथरत. ४.९९९, परत ५.०००, मग ४.९९८.

"बाबा, हात काढा," तिच्या तोंडून निघून गेलं.

ती उठायला गेली, तसा आकडा भराभर घसरू लागला. ती बसली. तो थांबला.

"झालं का गं ते डबडं?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"अर्ध्या तासात येते."

"दुपारी जेवायला हाक मारली, तेव्हाही हेच म्हणालीस. आता निदान दिवा तरी लाव."