मेकॅनिकचा जबाब

“तुमची काही चूक नाही, मिस्त्री,” तपासनीस म्हणाला, आणि मिस्त्रीचा चेहरा पडला.

खरं तर हायसं वाटावं अशीच बातमी होती. शर्यतीच्या मैदानामागच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गाडी पडली होती, म्हणजे गाडीचं जे काही उरलं होतं ते. तीन आठवड्यांपूर्वी ती चौथ्या वळणावर भिंतीत घुसली. चालवत होता मिस्त्रीचा मुलगा, एकुलता एक. गाडी बांधली होती मिस्त्रीनं, आणि शर्यतीआधी चारही चाकं आवळली होती तीही त्यानंच.

“पण डावं पुढचं चाक निखळलं होतं ना?”

“भिंतीवर आदळल्यावर निखळलं. आधी नाही.” तपासनीसानं कागद पुढे सरकवला. “गाडीतल्या यंत्रात सगळी नोंद आहे. त्या वळणाला शंभर मीटरच्या पाटीशी ब्रेक दाबतात. तुमचा मुलगा अकरा फेऱ्या तिथंच दाबत होता. बाराव्या फेरीत वळण साठ मीटरवर आल्यावर दाबला. पुढच्याला गाठायच्या नादात. उतावळेपणा झाला. बोलायला वाईट वाटतं, पण झाला.”

उतावळेपणा! मिस्त्रीच्या डोक्यात तिडीक गेली. बोला, वाट्टेल ते बोला. मेलेला माणूस काय, भांडायला थोडाच येतोय?

मिस्त्रीचा सगळा जीव ब्रेकात. टीव्हीवर शर्यत लागली की लोक पहिल्या गाडीकडे बघत; हा बघायचा वळणाआधी कोण कुठं ब्रेक दाबतो ते. जगातल्या नावाजलेल्या ड्रायव्हरांना त्यानं त्यावरूनच मार्क दिले होते, आणि चषकांनी कपाटं भरलेल्या दोघातिघांना सरळ नापास करून टाकलं होतं. “ॲक्सिलरेटर काय, गाढवही दाबेल,” तो म्हणायचा. “ड्रायव्हर ओळखावा ब्रेकवरून.” मुलाला गाडी शिकवली तीही तशीच. जुन्या गाडीत मागच्या सीटवर आई झोपलेली असायची, आणि आई जागी झाली की पोरगा नापास. पोरगा सहसा पास व्हायचा. सिग्नलला गाडी अशी थांबायची की थांबली कधी ते कळू नये. तेव्हा मिस्त्री तोंडानं काही म्हणायचा नाही, नुसता खिडकीबाहेर बघून हसायचा. म्हणायला हवं होतं. शाबास म्हणायला काय पैसे पडतात?

“या अहवालात मेकॅनिकचा जबाब असतो ना?” त्यानं विचारलं.

“असतो. शेवटच्या पानावर.”

मिस्त्रीनं चष्मा लावला आणि सावकाश, ठळक अक्षरांत लिहिलं: डाव्या पुढच्या चाकाचा नट मी पुरता आवळला नव्हता. खाली सही केली.

तपासनीसानं वाचलं. “अहो, काय हे! हे चक्क खोटं आहे.”

“जबाब माझा आहे.”

“यंत्रातली नोंद मी बदलणार नाही हं.”

“नका बदलू. नोंद कोण वाचत बसतंय? लोकांना कबूल करणारा मिळाला की झालं.”

“मिस्त्री, पुन्हा कुठल्या गाडीला हात लावू देणार नाहीत तुम्हाला. तीस वर्षांचं नाव मातीत जाईल.”

“मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, साहेब,” मिस्त्री म्हणाला. “माझं जाऊ दे. त्याचं राहू दे.”

तपासनीसानं कागदाकडे पाहिलं, मिस्त्रीकडे पाहिलं आणि फाईल मिटली.

बाहेर बाकावर बायको बसली होती. मला ती गाडी बघवणार नाही, म्हणून आत आलीच नव्हती. तीन आठवडे ती मिस्त्रीशी धड बोलली नव्हती, जेवायला वाढतानासुद्धा मान खाली. आपल्या हातांवर तिचा संशय आहे, हे त्यानं केव्हाच ओळखलं होतं. आता तो खरा करून द्यायचा. मग ती राहिली तर राहिली.

“काय म्हणाले?” तिनं जमिनीकडे बघत विचारलं.

“नट सैल राहिला होता. माझ्या हातून.”

तो समोर उभा राहिला. शिव्या देईल, किंवा उठून एकटीच चालायला लागेल. काहीही केलं तरी तिला हक्क होता.

तिनं त्याचा हात घट्ट धरला.

“खरं सांगताय?”

“हो.”

“म्हणजे ब्रेकमुळे नाही?”

मिस्त्रीला कळेना, ही ब्रेकचं कुठून काढतेय.

“त्या दिवशी सकाळी त्यानं मला फोन केला होता हो,” ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांचं कोंडलेलं रडू एकदम फुटलं. “म्हणाला, आई, आज एका वळणावर मी जरा उशिरा ब्रेक दाबून बघणार आहे. बाबांना सांगू नकोस, ते गाडीच देणार नाहीत. आणि मी नाही सांगितलं. मला काय कळतंय त्यातलं? लाडात येऊन बोलला, मी बरं म्हटलं. तेव्हापासून तुमच्या तोंडाकडे बघायची हिंमत होत नाही. वाटायचं, मीच मारलं त्याला.”

एक शब्द. तिनं एक शब्द सांगितला असता, तर मिस्त्रीनं गाडी शेडबाहेर काढलीच नसती. पोरगा रुसला असता, दोन दिवस जेवला नसता, पण आज घरी असता. हे सगळं त्याच्या अगदी ओठांवर आलं. ती पदरानं डोळे पुसत होती आणि वर बघत होती, थेट त्याच्या तोंडाकडे.

“त्यामुळे नाही ना हो?”

“नाही गं,” तो म्हणाला. “ब्रेक त्यानं अगदी बरोबर दाबला होता.”