हात लागला

बुद्धिबळ संघाच्या निवडीच्या शेवटच्या फेरीत माझ्यासमोर सख्खे काका होते. जिंकेल तो संघात जाणार आणि हरेल तो वर्षभर घरच्यांची बोलणी खाणार, हे ठरलेलं होतं. गेली बारा वर्षं मी डावाची सुरुवात वजिरापुढचं प्यादं सरकवूनच करते. त्यावरची उत्तरं काकांनी महिनाभर दार लावून पाठ केली होती. त्यांनी घड्याळ सुरू केलं. प्रयोगशाळेत बाटल्यांची लेबलं समोर वळवायची सवय, त्यामुळे मी आधी तिरका दिसणारा घोडा सरळ केला. “हात लागला!” काकांनी पंचांना बोलावलं. “आता घोडाच चालव. नियम म्हणजे नियम.” पंचांनी मान डोलावली. मी घोडा बाहेर काढला. काकांनी पटाकडे पाहिलं, मग छताकडे. चष्मा पुसला. वीस मिनिटांनी ते पुढे झुकून कुजबुजले, “पोरी, चुकून लागला असेल गं हात. घे मागे, पंचांना मी सांगतो.”