सकाळची बाटली

सुरेंद्रने त्या दिवशी नळी तापवलीच नाही. स्टोव्ह पेटलेला होता, चिमटा हाताशी होता, व्हिनेगरची बाटली खिडकीत होती. पण दोन दिवस अंगात कणकण होती आणि त्याचा हात पुढे होईना. मोरीतून आणलेली भरली बाटली त्याने कट्ट्यावर ठेवली आणि बायकोला म्हणाला, "चारू, आज बघायची हिंमत नाही. गढूळ निघालं तर कंपनीची पायरी चढवणार नाही मला."

चिंचवडच्या त्या दोन खोल्यांत गेलं दीड वर्ष दिवस उजाडायचा तो या नळीवर. अठ्ठ्याहत्तर साली सुरेंद्रच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले, तेव्हा धाकट्या बहिणीने, शैलाने, आपली एक काढून दिली. मुंबईच्या डॉक्टरांनी घरी पाठवताना एक साधी युक्ती शिकवली. सकाळची लघवी काचेच्या नळीत घ्यायची, तापवायची, व्हिनेगरचे चार थेंब टाकायचे. स्वच्छ राहिली तर किडनी खुशाल. पांढरी, गढूळ झाली तर असाल तसे निघून या. ना सुई, ना चिरफाड.

सुरेंद्र भोसरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होता. दिवसभर गिअरचे दात मोजणारा माणूस, त्याने किडनीचंही इन्स्पेक्शनच मांडलं. भिंतीवर तक्ता लागला: तारीख, वजन, ताप, लघवीचं माप आणि शेवटच्या रकान्यात 'नळी'. शेजारपाजारचेही जाता-येता विचारत, "काय सुरेंद्रराव, आज नळी काय म्हणते?"

शैलाला विचारण्यासारखं काही नव्हतं. पोटावर टाका पडला म्हणून तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. सकाळी तिचे डोळे सुजलेले दिसत, तेव्हा घरातले काय ते समजत आणि विषय टाळत. चारुलता तेवढी गमतीने म्हणे, "आमच्या हातचं खाऊन बाई भरल्या हो अंगाने, बांगड्या मागे सरकेनात." शैला हसे, सुरेंद्रपुरती अळणी भाजी वेगळी काढी आणि उरलेल्या पातेल्यात मीठ घाली.

आजारपणानंतर कंपनीने सुरेंद्रला स्टोअरमध्ये बसवलं होतं, तेही तात्पुरतं. आज कंपनीचे डॉक्टर लघवी तपासणार होते. स्वच्छ निघाली तर उद्यापासून पुन्हा इन्स्पेक्शनचं टेबल आणि नोकरी कायम, नाहीतर घरी. तीन माणसांची चूल त्या बाटलीवर टांगलेली होती.

"तू अंघोळ उरक, दादा," शैला म्हणाली. "बाटली मी बांधून देते."

तिने ती नीट झाकण लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून डब्याशेजारी ठेवली.

दवाखान्यात ज्योतीराम कंपाउंडरने सुरेंद्रच्या डोळ्यांदेखत कागद सोडला, नळी भरली आणि ज्योतीवर धरली. बघता बघता वरचं पाणी दुधाळलं. मग व्हिनेगर पडलं तरी ते निवळेना; नळीत दही लागल्यासारखं झालं. एवढं गढूळ सुरेंद्रने आजवर पाहिलं नव्हतं.

डॉक्टर भले गृहस्थ होते, पण आडवळणाने बोलण्यातले नव्हते. "किडनी बिघडलीय," ते म्हणाले. "आणि हे काल-परवाचं नाही, बरेच महिने चाललं असणार." कालपर्यंत नळी स्वच्छ होती, भिंतीवर तक्ता आहे, असं सुरेंद्रने परोपरीने सांगितलं. घरच्यांच्या डोळ्यांना हवं तेच दिसतं, असं म्हणून त्यांनी कागदावर शेरा मारला आणि उद्याच मुंबई गाठायला सांगितलं.

दुपारी तीनला सुरेंद्र घरी परतला. शैला तांदूळ निवडत होती. कोणावर तरी राग निघायलाच हवा होता, तो समोर सापडेल त्याच्यावर निघाला.

"बिघडलीय म्हणे," तो म्हणाला. "बरेच महिने. आम्ही इथे देवासारखी जपतोय आणि तू दिलीस ती नासकीच दिलीस."

चारुलता मध्ये पडली, पण शैलाला त्या बोलण्याचं काही लागलंसं दिसलं नाही. तिने एवढंच विचारलं, "मी दिली त्याच बाटलीतली तापवली?"

"त्याच. माझ्यासमोर."

शैलाने मांडीवरचं सूप खाली ठेवलं.

चारुलताने तोवर स्टोव्ह पेटवला होता. डॉक्टर काही म्हणोत, आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती मानणारी नव्हती. सुरेंद्र कुरकुरत मोरीत गेला आणि आला. तिने नळी तापवली. पाणी उकळलं, हललं आणि नितळ राहिलं. तिने व्हिनेगर टाकलं, नितळ. दुसरी नळी धुऊन घेतली, तीही नितळ. तिसऱ्यांदा सुरेंद्रने स्वतः चिमटा धरला आणि नळी उजेडात नेऊन गिअर पारखावा तशी फिरवून पाहिली. पलीकडच्या कॅलेंडरवरची तारीख सहज वाचता येत होती.

तो हसायलाच लागला. ज्योतीरामने नळी धुतली नसणार, दुसरं काय! उद्या ताजी बाटली घेऊन थेट डॉक्टरांच्या टेबलावर आपणच तापवून दाखवू, असं तो म्हणाला. चारुलताने डोळे पुसले आणि देवाजवळ साखर ठेवली. सुरेंद्रने तक्त्यावर 'स्वच्छ' लिहिलं, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि मग त्याला बहिणीची आठवण झाली.

"शैला, तोंडाला येईल ते बोललो गं," तो म्हणाला. "मनावर घेऊ नकोस. तुझी किडनी एक नंबर आहे. त्याची नळीच घाण होती."

शैला तांदळाकडे बघत होती.

"नळी घाण नव्हती, दादा. तू घाबरला होतास म्हणून सकाळी तुझी बाटली मी मोरीत ओतली आणि माझी भरून दिली. म्हटलं, माझी तर स्वच्छच असणार."